उष्णता टाळावी

गजराक्काला कुनी हाक मारली की ती आदी दोनी गालांवरनं हात फिरवायची, मग 'व्हय' म्हनायची. मला वाटायचं घाम पुसती, आमच्या लायनीत सगळ्या पत्र्याच्या खोल्या, घाम काय कुनाला सुटत न्हाई. पन थंडीतबी ती तसंच करायची. मग एक दिस माज्यासमोर तिनं तोंडातनं कापसाचं दोन बोळं काढलं, धुतलं, पिळलं आन् खिडकीत वाळत घातलं, तवा कळलं की हाक आली की ती बोळं जाग्यावर हायेत का ते चाचपती.

आता लायनीत तिचं नाव निघालं की बाया पदर तोंडाला लावून हसत्यात, मेनाची बाई म्हनत्यात. मला ते ऐकवत न्हाई. पन तोंड उघडून बोलायची माजी छाती न्हाई, आत्याबाई म्हंजे माज्या सासूबाई समोर असत्यात, आन् आमचे हे आक्काच्या मालकाच्या हाताखाली कामाला. म्हनून आत्याबाई दळनाला गेल्या, माजी लेक बेबी निजली, की लिवते. चौथीनंतर हातात पेन्सिल धरली न्हाई, चुकलं तर चुकलं.

साखर कारखाना श्रीगोंद्याच्या अंगाला, त्याच्या मागं आमची लाईन. मळीचा वास सदाचा, आन् चिमनीतली काळी भुकटी वाळत घातलेल्या धुन्यावर येऊन बसायची. मी लगीन होऊन आले तवा सतरा वर्सांची. आमच्या खोलीत आन् आक्काच्या खोलीत एकच भित, तीबी पत्र्यापर्यंत न्हाई, वर हातभर मोकळी, तिकडं फोडनी पडली की हिकडं ठसका. पैल्याच आठवड्यात मी चुलीपुढं रडत बसल्ते, भाकरी मोडत हुत्या, आन् आत्याबाई दारात बसून लायनीला ऐकू जाईल असं म्हनत हुत्या की हिच्या आईनं हिला शिकवलं तरी काय. तवा भितीवरनं आवाज आला, "ए नवे, पानी कडत घे. गार पान्यात पीठ रुसतंय." मी पानी कडत घेतलं, भाकर मोडली न्हाई. तवाधरनं ती माजी आक्का.

तिच्या बोलन्यात समदंच घरातल्या मानसावानी असायचं. गुडगा रुसला, कंबर माहेरी गेली, डावा डोळा आज कामावर आला न्हाई. दाढांचंबी तसंच. "चार बाळतपनं झाली, दर पोर एकेक दाढ घेऊन गेलं," ती म्हनायची, "त्यातली लेक तेवढी एक राह्यली, ती नेवाशाला दिली. दाढा काई परत आल्या न्हाईत." वय चाळीसबी नसंल. पन दाढा गेल्यानं गाल आत गेल्ते, दोनीकडं वाटी बसंल असा खड्डा, आन् डोळ्याखालची हाडं वर आल्याली. हसली म्हंजे मातर खड्डे भरायचे. म्हनून ती सारखी हसत असंल असं आता मला वाटतं.

आन् तिची भाकर. उजव्या हाताची करंगळी तिची वाकडी, ल्हानपनी गुऱ्हाळाच्या चरकात सापडल्याली. थापताना ती करंगळी टेकायचीच न्हाई. म्हनून तिच्या भाकरीवर चार बोटांचं वळ उठायचं आन् करंगळीच्या अंगाला कड जरा जाड राह्यची. लायनीत बाया टोपल्यातली भाकर बघून सांगायच्या, ही गजराची. तिचे मालक, त्यांना मी दाजी म्हनायची, ते ती जाड कड आदी मोडून खायचे, मग बाकीची.

दाजी कारखान्यात पॅनमन. रस आटवताना साखरंचा दाना कवा धरला ते सांगनारा मानूस. आमचे हे म्हनत्यात, काचंवर थेंब घेऊन उजेडाला धरायचे आन् एवढंच म्हनायचे, आला, न्हाईतर, न्हाई आला. आख्खा कारखाना त्यांच्या नजरेवर थांबायचा. घरीबी तसंच. वरडायचे न्हाईत, हात उचलायचे न्हाईत, दारू न्हाई. नुसतं बघायचे आन् बोलायचे. एका दुपारी जेवताना म्हनले, मी भितीपलीकडं बेबीला पाजत बसल्ते, म्हनले, "गजरा, खाली बघून वाढ. तुज्या तोंडाकडं बघितलं की घास उतरत न्हाई."

रागानं न्हाई म्हनले. आमटीत मीठ कमी हाय असं म्हनावं, तसं म्हनले.

तवाधरनं ते कापसाचं बोळं. आदी तिनं गुळाचं खडं धरून बघितलं, ते इरघळायचं, मग सुपारी, ती टोचायची. कापूस बरा, पन बोलताना 'स' आन् 'च' सगळा एकच व्हायचा. संक्रांतीच्या हळदी-कुकवाला फिटरच्या बायकूनं समद्यांना नावं घ्यायला लावली. आक्का उठली, पदर सावरला, गाल असे भरल्याले, हनुवटी वर, आन् म्हनली,

"चुलीवर तवा, तव्यावर भाकर,
मारुतरावांचं नाव घेते, रसाची झाली साखर."

आन् त्या साखरंबरोबर उजव्या गालातला बोळा तिळगुळाच्या ताटात पडला. फिटरची बायकू ताट मागं वढायला लागली. आक्कानं बोळा उचलला, बघितला, म्हनली, "आवंदा पाऊस न्हाई तरी कापूस पिकला बघा." मग हसून हसून बायांच्या डोळ्यांत पानी. मीबी हसले. घरी आल्यावर भितीवरनं तिचं नाक वढल्याचा आवाज येत हुता. मी ठसका लागल्यावानी केलं, म्हंजे मी हाय असं तिला कळावं. ती म्हनली, "निज गं. नाकाला सर्दी भेटायला आलीय."

त्या साली पाऊस दगा देऊन गेल्याला, ऊस थोडा, गाळप लवकर संपनार असं समदी म्हनत हुती. आन् दाजींनी आक्काला सांगितलं हुतं की गाळप संपलं की राहात्याकडची एक बाई आनायची. नवऱ्यानं टाकल्याली, इशीतली. "तुला कोन घालवतंय," असं म्हनले, "तू ऱ्हा की मागच्या पडवीत." आक्का मला हे सांगताना हसत हुती. "मागच्या पडवीत शेळी हाय," ती म्हनली, "शेळीनं कुटं जावं?" मग हसू थांबलं. म्हनली, "सुमे, बाप न्हाई. भाऊ हाय तर भावजयीच्या मुठीत. लेकीच्या दारात जाऊन बसले तर जावई चार दिस गप बसंल आन् पाचव्या दिवशी लेकीलाच माज्यासंगं धाडून दील. मला ही चूल सोडून दुसरी चूल न्हाई. आन् ह्यांचं म्हननं काय, तर तोंड. कामाला नाव न्हाई, हाताला नाव न्हाई, नुसतं तोंड. मग तोंडाचंच काईतरी करायला पायजे."

बाजारात बांगड्यावाली तिला म्हनली हुती की नगरला यष्टी स्टँडाजवळ एका लॉजात मुंबईचा डॉक्टर म्हैन्यातनं एकदा येतो आन् सुई मारून गाल भरून देतो, शिनेमातल्या बाया त्याच्याकडंच जात्यात म्हनं. आक्कानं शेळी इकली. "शेळी दिऊन गाल घेते," ती म्हनली, "पडवीबी मोकळी झाली, कुनाला लागली तर." आन् मला म्हनली संगं चल, पाटी वाचायला कोन पायजे. मी आत्याबाईंना सांगितलं की बेबीला देवीची लस टोचायला नगरला न्यायची हाय, गजराक्का सोबत येती. माज्या आयुष्यातलं ते पैलं मोठं खोटं. बेबीला खरंच टोचून आनलं, उगा नंतर कुनी दंड बघायला नको.

लॉजाच्या जिन्यात पाटी हुती, मी बोट ठेवून वाचली. चेहऱ्यावरील खड्डे व सुरकुत्या भरून मिळतील. आक्का म्हनली, "सायकलच्या टूबीवानी." डॉक्टर पांढऱ्या कोटातला, केसाला तेल, हाताला अत्तराचा वास. एका भांड्यात कडत पानी, त्यात बाटली ठेवल्याली, बाटलीत मेन. पांढरं मेन हळूहळू पान्यावानी झालं. त्यानं ते सुईत वढलं, सुई एवढी जाड की मी बेबीचं तोंड माज्या खांद्यात दाबलं. आक्कानं माजं मनगट धरलं. तिनं 'आई' म्हनलं न्हाई, काईच म्हनलं न्हाई, पन माज्या मनगटात तिच्या चार बोटांची नखं रुतली. डॉक्टर आतनं मेन सोडायचा आन् बाहीरनं अंगठ्यानं गाल दाबत, चोळत, आकार द्यायचा, कुंभार मडक्याला देतो तसा. मग गार फडकं. मग आरसा.

गाल सुजून लाल झाल्ते, पन खड्डे नव्हते. आक्का आरशात लई येळ बघत राह्यली. मग आरशालाच म्हनली, "ये बाई, बस. लई दिसांनी आलीस."

डॉक्टरनं एक छापल्याला कागद दिला, त्याच्यावर नियम. आक्कानं तो माज्या हातात दिला. यष्टीत मी तिला वाचून दावला. गाल चोळू नयेत. कठीण पदार्थ चावू नयेत. उष्णता टाळावी. ती म्हनली, "उष्णता म्हंजे?" मी म्हनले, "म्हंजे अंगातली उष्णता, आक्का. तोंड येतं, डोळं जळतात, लघवीला आग व्हती, ती." मला काय, आमच्यात उष्णता म्हंजे तीच. म्हनून मी तिला सांगितलं, वांगं नको, गूळ नको, बाजरी नको, अंडं तर नकोच. ताक घ्या, सब्जा भिजवून घ्या, खडीसाखर तोंडात धरा. तिनं समदं मनात ठेवलं. जरा पुडं गेल्यावर म्हनली, "शिकल्याल्या मानसाचं बरं असतं."

मी हे किती बारीला आठवते. मला बाईंनी शाळेत वाचायला शिकवलं, पन वाचलेलं काय असतं ते इचारून घ्यायला न्हाई शिकवलं. मी डॉक्टरला जिन्यात परत जाऊन इचारू शकले असते. मला भ्या वाटलं.

आक्का तिथनंच नेवाशाला लेकीकडं गेली, सूज उतरंस्तोवर राह्यली, आन् परत आली तवा दाजींना म्हनली, लेकीच्या घरचं दूध-तूप अंगाला लागलं. दाजींनी बघितलं. मी भितीला कान लावून. "अंगाला कुटं," ते म्हनले, "गालालाच लागलंय समदं." आन् हसले. दाजी हसल्याचं मी तवा पैल्यांदा ऐकलं. बाजाराच्या दिवशी त्यांनी हिरव्या बांगड्या आनल्या. राहात्याचं नाव घरात निघंना. आक्का इहिरीवर जाताना आता कुनी हाक मारतंय का त्याची वाट बघायची, आन् हाक मारली की गालाला हात लावायची न्हाई. मला म्हनायची, "बघ गं सुमे, दोगं गाल कसं हाजीर हायेत." ताक प्यायची, सब्जा खायची, बाजरी सोडून ज्वारीवर आल्ती. आन् दोन्ही येळंला चुलीपुढं बसायची, जाळ तोंडावर घेऊन, भाकर पलटी करायला वाकून, तव्याखाली फुंकून. मी पेटीवर चढून भितीवरनं बघायची आन् मला आनंद व्हायचा.

तीन आठवडे.

मग एका सकाळी ती पान्याला आली तर डावा गाल उजव्यापरीस खाली. जास्त न्हाई, बोटाच्या पेराएवढा. आन् त्याची कातडी तांबडी, चकचकीत. ती म्हनली, "डावा सासरी निघाला बघ. उजवा अजून माहेरी हाय." मला हसू आलं न्हाई. डॉक्टर परत नगरला येनार तो दिस तिनं धरून ठेवल्याला, मी बेबीच्या दंडाची खपली पडली न्हाई असं दुसरं खोटं सांगितलं, आमी गेलो. डॉक्टरनं गाल दाबला आन् तोंड वाकडं केलं. "चुलीजवळ बसता का?"

"सैपाक कोन करील," आक्का म्हनली.

"कागदावर लिवलंय ना. उष्णता टाळावी. चूल, ऊन, समदी उष्णताच. मेन हाय ते, मऊ पडून सरकनार न्हाई तर काय. तुमाला वाचता येत न्हाई का?"

आक्का माज्याकडं बघायच्या आत मी खाली बघितलं. बेबी रडायला लागली ते बरं झालं. जिन्यात, स्टँडावर, यष्टीत, मी बेबीलाच थोपटत राह्यले. कोळगावच्या पुडं आक्काच म्हनली, "तू चौथी. मी बिनचौथी. दोगींची मिळून चौथीच झाली की, पाचवी कुटनं आनायची?" आन् माज्या मांडीवर हात ठेवला. तिनं पुन्यांदा तो इषय काढला न्हाई. एकदाबी न्हाई. मला शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

मग ठरलं ते असं. दाजी सकाळी कामावर गेले की आक्का पीठ एका डब्यात घालून भितीवरनं द्यायची. आत्याबाई देवळात गेल्या की मी तिच्या भाकरी माज्या चुलीवर थापायची आन् फडक्यात बांधून भितीवरनं परत द्यायची. कोरड्यास, म्हंजे भाजी-आमटी, ती बाहीर उघड्यावर तीन दगडांवर करायची, लांब दांड्याच्या पळीनं, तोंड फिरवून. मी किती घाबरल्ते ते काय सांगू. आत्याबाई सरपन मोजत न्हाईत पन राख बघत्यात. "एवढी राख कशानं गं?" एकदा म्हनल्या. मी म्हनले लाकूड वलं हाय. वल्या लाकडाची राख जास्त पडती का कमी, मला म्हाईत न्हाई, त्यांनाबी नसंल, त्या गप बसल्या.

आमी दोगींनी समद्याचा इचार केला. पिठाचा, राखंचा, येळंचा, बेबीच्या रडन्याचा. करंगळीचा इचार दोगींच्याबी डोक्यात आला न्हाई.

होळी होऊन गेल्ती. दाजी पैल्या पाळीचे, तिनाच्या सुमाराला घरी आले, जेवायला बसले. मी भितीला टेकून बेबीला पाजत हुते. आत्याबाई वट्यावर. मग दाजी म्हनले, "गजरा."

"व्हय."

"ही भाकर कुनाची?"

"आपलीच. पीठ आपलं."

"पीठ आपलं. बोटं पाच हायेत."

आक्कानं तांब्या म्होरं सरकवल्याचा आवाज आला.

"करंगळी कवा सरळ झाली?"

"हाताला जरा बरं नव्हतं," आक्का म्हनली. "कारखान्यामागच्या वाडीत एक म्हातारी हाय, ती थापून देती."

तिनं माजं नाव घेतलं न्हाई. भितीच्या ह्या अंगाला मी, तिच्या पाठीपासनं दोन हातावर, आन् माज्या नखांत तिचंच पीठ.

"हात दाव." मग, "बरा हाय की. बस. थाप माज्या म्होरं."

"आदी जेवून घ्या."

"थाप."

मी तिला लाकूड मोडताना ऐकलं. जाळ केल्याला ऐकलं. पानी वतल्याचा आवाज आला, परातीत न्हाई, कापडावर, तिनं पदर भिजवून तोंडाला बांधला असंल. मग थाप. थाप, थाप, तव्यावर टाकल्याची चर्र. एक झाली. दाजी म्हनले, "आनखी एक." दुसरी झाली. दुपारचा पत्रा तापल्याला, आमच्या खोलीत नुसतं बसवत नव्हतं. मी उठावं, दारातनं जावं, म्हनावं की दाजी, मी थापल्या, काय करायचं ते करा. पाय उचलला न्हाई. आमचे हे दाजींच्या हाताखाली, आत्याबाई वट्यावर, बेबी अंगावर. मी समदी कारनं एकेक करून धरून ठेवली आन् बसून राह्यले.

तिसऱ्या भाकरीला दाजी म्हनले, "तोंडाला काय बांधलंय? सोड."

तिनं सोडलं असंल. मग आक्काचा आवाज आला, सादा, पानी आनायला चालले म्हनावं तसा.

"गालात मेन हाय. नगरहून भरून आनलं. तुमी म्हनला माज्या तोंडाकडं बघून घास उतरत न्हाई. आता चुलीपुढं बसले तर माजं तोंड उतरतंय, न बसले तर तुमचा घास. तुमीच सांगा, काय उतरवू?"

भाकर करपल्याचा वास भितीवरनं आला. दाजी उठले, चूळ भरली, चपला घातल्या. वट्यावर आत्याबाईंनी इचारलं, "का वो मारुतराव, जेवला का?" ते म्हनले, "व्हय, जेवलो."

लेक आली नेवाशाहून, तिनं आक्काला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीनबाई लई तापल्या म्हनं. म्हनल्या, मेन गालात घालायची चीजच न्हाई, चुलीपुढं बसला असता काय आन् सावलीत बसला असता काय, आज न्हाई तर वर्साला हे होनारच हुतं, गाठी व्हनार, कातडी लाल व्हनार. आता मांसात मुरलंय, समदं काढाया गेलं तर तोंडच फाटंल. जेवढं निघालं तेवढं काढलं, हनुवटीच्या वर एक व्रन राह्यला. आक्कानं हे मला भितीवरनं मुद्दाम दोनदा सांगितलं, चुलीचा दोष न्हाई म्हनल्या, ऐकलंस का, चुलीचा न्हाई. मी व्हय म्हनले. पन ते तीन आठवडे मला म्हाईत हायेत, ती जाळापुढं वाकायची आन् मी वरनं बघायची.

गाळप संपलं. दाजी राहात्याला गेले.

त्या रातच्याला आमचे हे जेवताना एकदम म्हनले, "तुज्या दाढा बऱ्या हायेत ना समद्या?" काळजीनं म्हनले असतील. मी व्हय म्हनले आन् तवापासनं मी डाव्या बाजूला दुखतंय ते कुनाला सांगितलं न्हाई.

दाजी नवीला घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमी गावाकडं गेलो, हंगाम संपला म्हंजे आमाला घरी बसवत्यात. परत आलो तवा पडवीत कुनी नव्हतं. कुनी म्हनतं लेकीकडं नेवाशाला गेली, कुनी म्हनतं तिकडंबी न्हाई, कुन्या मळ्यावर खुरपायला ऱ्हाती. दाजींना इचारायची कुनाची टाप. म्हनून माज्याजवळ तिचा शेवटचा दिस तोच हाय, नवी आली तो.

दुपार हुती. बैलगाडीतनं दाजी उतरले, मागनं ती. माज्याच वयाची असंल, हिरवं लुगडं, गाल भरल्याले, आन् इतकी भ्याल्याली की गाडीचं चाक सोडंना. लायनीतल्या समद्या बाया दारात. दारात भाकर-तुकडा कोन ओवाळनार असं झालं, तवा आक्काच बाहीर आली. हातात भाकरीचा तुकडा आन् पान्याचा तांब्या. तोंडावर पदर घेतल्याला न्हाई. नवीनं तिच्याकडं बघितलं आन् झटकन नजर पायाकडं नेली. आक्कानं तुकडा तिच्या तोंडावरनं ओवाळला, तीन बारीला, दोन्ही गालांवरनं सावकाश, आन् लांब टाकला. पायावर पानी घातलं. मग बाजूला सरली आन् म्हनली, "ये आत. चूल उजव्या हाताला हाय."

नवी आत गेली. दाजी गेले. बाया पांगल्या. आक्का आत गेली न्हाई, ती तिथंच वट्याच्या पायरीवर बसली, रिकामा तांब्या मांडीवर, तोंड रस्त्याकडं. चैताचं ऊन सरळ तिच्या तोंडावर, आन् ती हलंना, हातानं आडोसाबी करंना. मला एवढंच म्हनायचं हुतं की आक्का, सावलीला व्हा. शब्द तोंडात आल्याला. आत्याबाईंनी मागनं माजा दंड धरला, मला आत वढली आन् दार लावून घेतलं.